वेगळा ठेवलेला पेला

मी एक जुना पेला आहे. स्टीलचा, उभट, काठाशी जरासा रुंद. माझ्या पोटाला एक पोचा आहे आणि बुडाखाली लाल नखपॉलिशचा एक ठिपका आहे. पोचा कधी पडला ते मला आठवत नाही. ठिपका कुणी लावला आणि कशासाठी लावला, ते मात्र मी विसरलेलो नाही. मित्रांनो, आज मी तेच सांगणार आहे. गोष्ट आनंदाची नाही. पण ती ऐकून ठेवलेली बरी, कारण अशी वेळ कुठल्याही घरावर येऊ शकते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्र्याची गोल चकती कापून ती दट्ट्याखाली ठेवली गेली आणि दट्ट्याने एका दमात मला खोल केले. मग माझा काठ वळवला, मग फिरत्या चाकावर घासून घासून मला चकाकी आणली. आम्ही सारखेच दिसणारे सहा भाऊ एका खोक्यात बसलो आणि भेट म्हणून एका लग्नाला गेलो. नवरा-नवरीने खोके उघडले तेव्हा नवरीने मलाच उचलले आणि माझ्यात आपले तोंड पाहिले. तोंड लांबट आणि वेडेवाकडे दिसले म्हणून ती हसली. त्या घरातले मला आठवणारे पहिले हसू तेच.

नवरा काचेचे काम करी. खिडक्यांची तावदाने, तसबिरींच्या काचा, दुकानांच्या दर्शनी काचा, सगळे काही. गल्लीत त्याला काचवाला म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. खाली दुकान, वर दोन खोल्यांचे घर, मध्ये अरुंद लाकडी जिना. घरात काचवाल्याची आई होती. त्याची मोठी बहीण लग्न होऊन दोन रस्ते पलीकडे राहत होती, पण दिवसाआड तिचे पाऊल या घरात असायचेच. तिला सगळे ताई म्हणत. वडील लवकर गेल्यावर याच ताईने शाळा सोडून धाकट्या भावाला वाढवले होते. भावावर तिचा फार जीव होता. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे ती जे वागली ते ऐकून तुम्ही तिला निव्वळ दुष्ट ठरवाल, आणि ती तशी नव्हती.

लग्नाला महिना झाला नाही तोच काचवाल्याची बायको दुकानात उतरली. मोठी काच एकट्याने उचलता येत नाही. एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला ती. टेबलावर जुने ब्लँकेट अंथरलेले असे. त्यावर काच आडवी ठेवून तो पट्टी धरी, हिऱ्याच्या कलमाने एकच रेघ ओढी आणि खालून हलकेच ठोकून काच मोडी. 'कर्र' असा आवाज येई आणि काच सरळ दुभंगे.

"रेघ दुसऱ्यांदा ओढायची नाही," तो तिला शिकवी. "एकदा ओढली की ओढली. परत ओढलीस की काच रुसते, मग भलतीकडेच फुटते."

"तुमच्यासारखीच आहे म्हणजे," ती म्हणे.

गिऱ्हाइकाने "काच टिकेल ना हो?" असे विचारले की तो गंभीर चेहरा करून सांगे, "टिकू नये अशी माझी फार इच्छा आहे. पण टिकेल."

मी पाण्याच्या माठावर पालथा घातलेला असे. दोघांना तहान लागली की आधी ती प्यायची आणि उरलेले तो. कधी उलट. माझे पाच भाऊ वर स्वयंपाकघरात चकाकत बसले होते. मी खाली काचेच्या धुळीत राबत होतो, पण मला त्यांचा हेवा कधी वाटला नाही.

काच कापणाऱ्याचा हात काच कापतेच. आठवड्यातून एकदा तरी काचवाल्याच्या बोटातून रक्त यायचे. मग ती हातातले काम टाकून धावायची आणि आपल्या तळव्याने जखम घट्ट दाबून धरायची. तिचे स्वतःचे हात नेहमी फुटलेले असत. चौकटीत काच पक्की बसवायला लांबी नावाचा चिकट लगदा लागतो, तो मळून मळून तिच्या बोटांना भेगा पडलेल्या असत. फुटलेल्या हाताने ती त्याचे रक्त थांबवी. तो म्हणे, "अगं, चिंधी बांध, हात कशाला लावतेस?" ती म्हणे, "चिंधी सापडेपर्यंत तुम्ही रिकामे व्हाल." यात काही वाईट घडते आहे असे कुणाला कसे वाटावे? ती तर माया होती.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ती आजारी पडली. अन्नावरची वासना उडाली, सांधे दुखू लागले, उलट्या होऊ लागल्या. सासूला वाटले, गोड बातमी आहे. तसे काही नाही हे कळल्यावर सासूचा सूर बदलला. "कामाचा कंटाळा आलाय, दुसरं काय," ती ताईला म्हणाली. बायको महिनाभर भिंतीला धरून जिना चढली-उतरली आणि मग आपोआप बरी झाली. डॉक्टर कुणी गाठला नाही. तिनेही गाठला नाही. दुकानात ऑर्डरी पडून होत्या.

पुढे त्यांना मुलगी झाली. तिला सगळे बिट्टी म्हणत. बिट्टीला दवाखान्यातच एकामागून एक लसी टोचल्या गेल्या आणि ती रडून रडून लाल झाली. त्या लसींमध्ये एक कोणती होती ते तुम्हाला पुढे कळेल.

बिट्टी शाळेत जाऊ लागली आणि त्या सुमाराला काचवाला दमायला लागला. जिन्याच्या मध्यावर तो थांबे. शर्टाची खालची बटणे लागेनाशी झाली तेव्हा तो पोटावर हात फिरवून म्हणाला, "सुखवस्तू झालो बघ." पण हात-पाय काड्यांसारखे आणि पोट तेवढे मोठे, हे कसले सुख? संध्याकाळी त्याची पावले सुजत. बायकोने बोटाने दाबून पाहिले की खळगा तसाच राही.

एके दिवशी तो एका दुकानाची मोठी काच कापायला बसला. रेघ अर्ध्यावर गेली आणि त्याचा हात थरथरला. तो क्षणभर थांबला. मग त्याने, आयुष्यात प्रथमच असेल, तीच रेघ पुन्हा ओढली. काच तिरकी फुटली आणि तिचा कोपरा जमिनीवर पडून चुरा झाला. तो स्टुलावर बसला. बायकोने मला भरून त्याच्या हातात दिले. त्याने मान वर केली तेव्हा दारातून येणाऱ्या उजेडात तिला त्याचे डोळे दिसले. पांढऱ्याच्या जागी पिवळे होते.

"उठा," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जायचंय."

पिशवीत टॉवेल, चादर, पाण्याची बाटली आणि मी. असा मी प्रथम इस्पितळात गेलो आणि पलंगाशेजारच्या लोखंडी कपाटावर उभा राहिलो. म्हणून पुढचे सगळे मी कानांनी ऐकलेले आहे.

डॉक्टरीणबाई मध्यम वयाच्या होत्या आणि सावकाश बोलत. रक्त तपासून, पोटाचा फोटो काढून झाल्यावर त्यांनी सगळ्यांना पलंगाजवळ बोलावले. आई, ताई आणि बायको.

"हा हिपॅटायटिस बी," त्या म्हणाल्या. "काविळीचाच एक प्रकार. पण घाणेरड्या पाण्यातून येते ती ही कावीळ नव्हे. ही रक्तातून जाते. जन्माच्या वेळी आईकडून बाळाला, न उकळलेल्या सुईतून, दुसऱ्याच्या वस्तऱ्यातून, आणि नवराबायकोमध्येही. यांचं यकृत फार खराब झालंय. आकसून कडक झालंय. आम्ही औषधं देऊ, पण मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही."

डॉक्टरीणबाईंनी हातातला कागद मिटला.

"आणि घरातल्या प्रत्येकाचं रक्त तपासायला हवं. आईंचं, बहिणीचं, सगळ्यांचं."

"मला काय धाड भरलीय?" आई म्हणाली. "या वयात दहादा जिना चढते मी."

"मलाही काही होत नाही," ताई म्हणाली. "आधी त्याचं बघा."

रक्त दिले ते बायकोने आणि बिट्टीने. दोन दिवसांनी डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या. बायको उभी राहिली. ताई दारात होती.

"मुलगी सुरक्षित आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तिला लहानपणी लस मिळालीय. तिच्या रक्तात फक्त लसीनं उमटवलेली खूण आहे. तुमची गोष्ट जरा वेगळी आहे. तुमच्या रक्तात विषाणू नाही. तुम्ही आजारी नाही आणि तुमच्यापासून कुणाला धोकाही नाही. पण तो तुमच्या अंगात येऊन गेलेला आहे. तुमच्या शरीरानं त्याच्याशी झुंज घेतली आणि त्याला हाकलून दिलं. त्या झुंजीची खूण रक्तात राहिलीय. नुसत्या लसीनं ती खूण उमटत नाही. खरा विषाणू येऊन गेला तरच उमटते."

"मी कधी आजारी..." ती बोलता बोलता थांबली. तिला भिंतीला धरून चढलेला जिना आठवला असावा.

"कदाचित तुम्हाला कळलंही नसेल. पुष्कळांना कळत नाही."

ताईने हे सगळे ऐकले. पण माणूस ऐकतो सगळे आणि घरी नेतो त्यातले त्याला हवे तेवढेच. ताईने दोनच गोष्टी घरी नेल्या. हिच्या रक्तात खुणा आहेत. आणि ही धडधाकट आहे.

काचवाल्याला काही दिवसांसाठी घरी सोडले. त्याचा पलंग खिडकीपाशी लावला. त्याच दुपारी ताईने आपल्या पर्समधून नखपॉलिशची बाटली काढली, मला उलटे केले आणि माझ्या बुडावर लाल ठिपका टेकवला.

"हा तुझा," ती भावजयीला म्हणाली. "बाकीच्या भांड्यांना तोंड लावायचं नाही. आधी घरात आणलंस ते आणलंस. आता आणखी कुणाला नको."

"डॉक्टर म्हणाल्या, माझ्यापासून कुणाला धोका नाही. आणि ताई, पेल्यातनं ते जातही नाही."

"कुठनं जातं ते आम्हाला चांगलं ठाऊक आहे," ताई म्हणाली.

आई चुलीकडे तोंड करून उभी होती.

मला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले. काचवाल्याचा वस्तरा आणि नखे कापायचे यंत्र मात्र मोरीतल्या फळीवर जिथे होते तिथेच राहिले. खरे तर ज्यांच्यावर रक्ताचा थेंब राहू शकतो त्या वस्तू त्या. त्यांच्याकडे कुणी बघितले नाही. वाईट ठरलो तो मी, कारण मला वेगळे करणे सोपे होते.

बातमी जिना उतरून गल्लीत गेली. गिऱ्हाइके उंबऱ्याबाहेरून बोलू लागली. एका बाईने तसबीर नेताना ती पदराने धरली. बायको सगळे पाहत होती आणि लहान लहान काचा एकटीच कापत होती. मोठ्या काचेच्या ऑर्डरी तिने बंद केल्या. दुसरे टोक धरायला कुणी नव्हते.

मग तो दिवस आला. ती त्याच्या पलंगावरची चादर बदलत होती. तो भिंतीला टेकून बसला होता.

"एक विचारू?" तो म्हणाला. "खरं सांगशील?"

"विचारा."

"लग्नाआधी... कुणी होतं का?"

तिचे हात थांबले.

"ताई म्हणाल्या?"

"ताईचं सोड. मी विचारतोय."

"नाही," ती म्हणाली.

एवढेच. ती रडली नाही, शपथ घेतली नाही. तिने चादरीची चारही टोके गादीखाली नीट खोचली. मग त्याच्या औषधाची वेळ झाली होती म्हणून तिने मला भरले आणि त्याच्यापुढे केले. त्याने माझ्याकडे बघितले.

"यातलं नको," तो म्हणाला. "दुसरा आण."

मित्रांनो, मी धातूचा आहे. गरम ओतले की तापतो, गार ओतले की गार होतो, त्याहून जास्त मला काही कळू नये. पण ती मला हातात घेऊन स्वयंपाकघरात गेली तेव्हा तिची बोटे इतकी थंड होती की तो गारठा मला अजून जाणवतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बिट्टी शाळेतून धावत आली आणि तिने तहानेने जवळ दिसला तो पेला उचलला. तो मी होतो. ती गटागट पाणी प्यायली. ताईने पाहिले आणि फाडकन तिच्या तोंडात मारली. बिट्टीला आधी काही कळलेच नाही.

"मी काय केलं?" ती हुंदके देत म्हणाली. "आईचाच पेला का वेगळा? आई घाण आहे का?"

"तुझ्या आईला विचार," आजी म्हणाली.

बायको जिन्यात उभी होती. तिने वर येऊन लेकीला जवळ घेतले, तोंड धुऊन दिले, खायला दिले. मग मला उचलून ती तशीच खाली दुकानात उतरली. तिने दार ओढून घेतले. कोपऱ्यात फुटक्या काचांचे पिंप होते. तिने मोडीतली एक एक काच उचलली आणि पिंपात आपटली. एक झाली, दुसरी झाली, मग मोजदाद राहिली नाही. वर घरात सगळ्यांनी आवाज ऐकला असणार. कुणी खाली आले नाही. सगळ्या काचा संपल्यावर तिने केरसुणीने बारीक चुरा गोळा केला, हात धुतले आणि दुसऱ्या दिवशीच्या कामाची मापे काढायला बसली.

काचवाल्याला पुन्हा इस्पितळात न्यावे लागले. या वेळी तो उचलूनच न्यावा लागला. बायकोचा पेला म्हणून पिशवीत मीही होतो. डॉक्टरीणबाई तपासून निघाल्या तेव्हा बायको त्यांच्या वाटेत उभी राहिली.

"डॉक्टर, एक विचारायचंय. ह्यांच्यासमोरच सांगा. माझ्याकडनं ह्यांना गेलं का?"

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे बघितले, मग पलंगाकडे. त्यांना बहुधा असे प्रश्न नवे नव्हते. त्या खुर्ची ओढून बसल्या.

"रक्तातली खूण एवढंच सांगते की विषाणू येऊन गेला. कुणाकडून आला, कधी आला, ते ती सांगत नाही. त्यामुळे मी शपथेवर काही सांगू शकत नाही. पण मला जे दिसतं ते सांगते. मोठ्या वयात हा विषाणू अंगात शिरला तर बहुतेकांचं शरीर त्याला हाकलून देतं. तुमच्या शरीरानं दिलं तसं. तान्ह्या बाळाला ते जमत नाही. बाळाच्या अंगात तो शिरला की घर करून राहतो, वर्षानुवर्षं, काही त्रास न देता. आणि आतून यकृत खात राहतो." त्या काचवाल्याकडे वळल्या. "तुमच्या यकृताची ही अवस्था दोन-चार वर्षांत होत नाही. माझा अंदाज विचाराल तर हा आजार तुमच्या लग्नाहून जुना आहे. यांना गेला असेल तर तुमच्याकडून गेला असेल."

काचवाल्याने डोळे मिटून घेतले.

"म्हणूनच तुमच्या आईंचं रक्त मी मागत होते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि बहिणीचंही. त्यांना असला तर आज औषध आहे. उशीर झाल्यावर नसतं."

संध्याकाळी आई आली तेव्हा तो म्हणाला, "आई, रक्त दे. माझ्यासाठी दे." आईने ब्र न काढता हात पुढे केला. ताईने मात्र नकार दिला. भाऊ असा पडलेला असताना हे सुया टोचण्याचे खूळ कशाला, असे तिचे म्हणणे.

सगळे गेल्यावर तो बायकोला म्हणाला, "मी विचारायला नको होतं."

"विचारलंत ना पण," ती म्हणाली.

पाणी त्याला मोजून मिळत होते. त्याचे ओठ सुकले होते. ती दुसरा पेला आणायला उठली, तेव्हा त्याने माझ्याकडे बोट दाखवले. "हाच दे." तिने दिला. तो दोन घोट प्यायला. तिने त्याची मान हाताने सावरून धरली होती, पण तिची नजर खिडकीबाहेर होती. तिने त्याला माफ केले की नाही ते मला ठाऊक नाही. तिलाही ठाऊक होते की नाही, कोण जाणे.

पुढच्या दिवसांत तो भलतेच बोलू लागला. कुणाला तरी काच नीट धर म्हणून सांगे. मग तेही थांबले आणि तो हाकेला ओ देईनासा झाला. तो तसा पडलेला असतानाच आईच्या रक्ताचा निकाल आला.

डॉक्टरीणबाईंनी आईला खुर्चीवर बसवले. बायको पलंगाच्या पायथ्याशी उभी होती.

"तुमच्या रक्तात विषाणू आहे. जिवंत. बहुतेक तुमच्या लहानपणापासूनच असावा. तुमच्या बाबतीत तो झोपून राहिला, एवढंच."

आईला समजायला वेळ लागला.

"म्हणजे मी माझ्या पोराला..." ती म्हणाली.

"तुम्हाला माहीत होतं का? नाही ना? तुम्हालाही कुणाकडून तरी आला असेल. तुमच्या आईकडून, नाहीतर एखाद्या सुईतून. तेव्हा ना तपासणी होती, ना लस. यात दोष कुणाचाच नाही. पण आता तुमच्या मुलीचं रक्त तपासून घ्या. उशीर करू नका."

डॉक्टरीणबाई गेल्या. आई उठली, मुलाच्या उशाशी गेली आणि त्याच्या कपाळावर हात ठेवायला निघालेला तिचा हात मध्येच थांबला. जणू तिचा स्पर्शच आता त्याला बाधेल.

"ठेवा हात," बायको म्हणाली. "त्यानं काही होत नाही."

आईने हात ठेवला. थोड्या वेळाने मान न वळवता ती म्हणाली, "ताईला सांगू नकोस."

"तिच्याही अंगात असेल तर?"

"तिचं घर मोडेल गं. तिचा नवरा, तिची सासू... काय म्हणतील तिला?"

"माझं मोडत होतं तेव्हा?" बायकोने विचारले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काचवाला गेला. आपल्याला हे नक्की कुठून आले ते त्याला शेवटपर्यंत कळले नाही.

घरात माणसे जमली. भेटून गेली. मग एक दिवस ताई आपल्या नवऱ्याला घेऊन आली आणि बाहेरच्या खोलीत उभी राहूनच बोलली.

"दुकान आता बंद करायचं. आणि तू तुझ्या माहेरी जा. बिट्टीचं काय ते आम्ही बघू. ज्या घरातला कर्ता माणूस तुझ्यामुळे गेला त्या घरात तू राहावंस हे मला बघवणार नाही."

बिट्टी आईच्या मागे लपली. बायकोने सासूकडे बघितले. सासू खुर्चीत बसून स्वतःच्या हातांकडे पाहत होती. बायको थांबली. मला वाटते, एवढा वेळ तिने आयुष्यात कधीच कुणाची वाट पाहिली नसेल. सासू बोलेना. शेवटी बायको म्हणाली,

"ताई, जायचं का राहायचं ते मागनं बघू. तुम्ही आधी तुमचं रक्त तपासून घ्या."

"मला शिकवतेस? लाज नाही वाटत?"

"तपासून घे गं," आई एकदम म्हणाली. आवाज इतका बारीक होता की ताईला आधी कोण बोलले तेच कळले नाही. "हिनं नाही आणलेलं ते. माझ्या अंगात होतं. माझ्याकडनं गेलं त्याच्याकडे. तुझ्याकडेही आलं असेल."

"आई, काय बोलतेस तू?"

"ऐकलंस तेच बोलले. डॉक्टरांनी सांगितलं मला. तो होता तेव्हाच सांगितलं. मी गप्प बसले."

ताई आईकडे बघत राहिली. मग भावजयीकडे तिने एकदा बघितले आणि ती जिना उतरून गेली. तिचा नवरा गोंधळून तिच्यामागे गेला.

माहेरी जाण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. बायकोने दुकान चालू ठेवले. मोठी काच आली की समोरच्या सुताराला हाक मारी. सासू खंगली. ती जेवायला कोपऱ्यात बसू लागली आणि तिने आपले ताट, वाटी वेगळी काढून ठेवली. दोन दिवस बायकोने पाहिले. तिसऱ्या दिवशी तिने ते ताट उचलून बाकीच्या ताटांत घातले.

"दोनदोनदा भांडी घासायला मला वेळ नाही," ती म्हणाली. "इकडे येऊन बसा."

सासू येऊन बसली. त्या घरात माफी मागितली गेली नाही आणि दिलीही गेली नाही. जेवणे मात्र एकत्र झाली.

ताई काही महिने आली नाही. मग एका दुपारी ती दुकानाच्या दारात उभी राहिली. वाळली होती. बायको एका तसबिरीत काच बसवत होती. मी माठावर होतो.

"गोळी सुरू झाली माझी," ताई म्हणाली. "रोज घ्यायची, जन्मभर. डॉक्टर म्हणाल्या, वेळेवर कळलं. मुलांना काही नाही, त्यांना लस मिळालेली आहे."

"बरं झालं."

ताई घुटमळली. "ह्यांचंही रक्त तपासलं. ह्यांच्यात विषाणू नाही. पण येऊन गेलाय. तुझ्यासारख्याच खुणा निघाल्या."

बायकोने हातातली लांबी खाली ठेवली.

"मग?" तिने विचारले. "कुणी विचारलं त्यांना, कुठून आणलंत म्हणून?"

ताईने मान खाली घातली.

"नाही," ती म्हणाली. "कुणीच नाही."

ती आत आली नाही. बायकोनेही ये म्हटले नाही. थोडा वेळ उभी राहून ताई निघून गेली.

मित्रांनो, मी आता फार जुना झालो आहे. कधीतरी मोडीत जाईन आणि वितळून दुसरे काही होईन. त्याआधी तुमच्याकडे एवढेच मागतो. तुमच्या घरातल्या बाळाला ही लस मिळाली आहे का, ते विचारा. मोठ्यांना सांगा, एकदा रक्त तपासून घ्या, आणि आजार निघाला तर लपवू नका. त्याच्यावर गोळ्या आहेत. वेगळे ठेवायचेच असेल तर वस्तरा वेगळा ठेवा, नखे कापायचे यंत्र वेगळे ठेवा, दात घासायचा ब्रश वेगळा ठेवा. माणसाला वेगळे ठेवू नका. आणि कुणाच्या रक्तात काही सापडले असे कानावर आले, तर ते कुठून आले हे विचारण्याआधी त्या माणसाला पाणी विचारा.